ऱ्हस्व मि

महाचाईच्या सरकारी दवाखान्यात, खिडकी नंबर चारशेजारी
माझी खुर्ची. प्लास्टिकची, एक पाय आखूड,
खाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातलेला.
मी दुभाषी. नऊ वर्षं कोळंबी सोलली, मग ही.
बोटांची साल परत आली, वास गेला नाही.

आम्हा मोन लोकांत बाईच्या नावाआधी मि लागतं.
मि कोनचान, मि थॉ, मि होंसार.
आणि दुभाष्याचा नियम असा, की बोलणारीचं बोलणं
तिच्याच तोंडचं म्हणून सांगायचं.
‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही.
म्हणजे सकाळपासून
मला दिवस गेलेत, माझ्या अंगावरून पांढरं जातंय,
माझं कार्ड मालकाकडे आहे,
मला काही होत नाही, फक्त झोप येत नाही.
मीच सगळी.

मंगळवारी मि कोनचान आली. गमबूट तसेच,
बर्फाच्या पाण्यानं पचपचणारे.
नर्स म्हणाली, काय होतंय?
काही नाही.
मग कशाला आलीस?
काही नाही म्हणूनच.

आमच्या बोलीत आजाराला शब्द आहेत, आजाराच्या आधीला नाही.
मी थाईत जुळवाजुळव केली:
पाणी शिरायच्या आधी होडीला डांबर.

नवरा मासेमारीच्या बोटीवर, चार-पाच महिन्यांनी घरी.
माणूस वाईट नाही, ती म्हणाली. चुकलं.
माणूस वाईट नाही, मी म्हणाले,
पण बंदरं फार आहेत.
नर्सनं निरोधचं पाकीट पुढे सरकवलं.
ती हसली.
हसण्याचं भाषांतर करायचं नसतं,
पण नर्सलाही नवरा होता. तिनं पाकीट तसंच राहू दिलं
आणि गोळ्यांचं पत्रक काढलं.
रोज एक. एचआयव्ही होऊ नये म्हणून. झालाय म्हणून नव्हे.
हे मला तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा अगदी हळू,
कारण मागच्या बाकावर तिच्याच शेडमधल्या दोघी होत्या.

रक्त दिलं. मग कार्डाचा प्रश्न आला.
कार्डावर जुन्या शेडचं नाव, शेड बंद पडून दीड महिना.
चार नंबर म्हणाली सहावर जा, सहा म्हणाली मालकाची सही,
मालक कोण ते दलालाला ठाऊक, आणि दलाल फोन उचलत नाही.
तिला भोंगा व्हायच्या आत परत पोचायचं होतं.
शेवटी नर्सनं कुठल्याशा प्रकल्पाच्या रजिस्टरात नाव घातलं.
मि वगळून. रकाना लहान होता.

पुढच्या महिन्यात आली ती तक्रार घेऊन.
गोळीची नाही, बाटलीची.
बाटली वाजते.
खोलीत सात जणी, मध्ये नुसते पडदे, पिशवी उचलली की
खुळखुळ.
सातही जणींना कळतं कुठली बाटली अशी वाजते,
आणि ‘होऊ नये म्हणून’ असं कुणी धरून चालत नाही.

मी भाषांतर केलं नाही. उठले,
ड्रेसिंगच्या टेबलावरून कापूस घेतला,
बाटलीत दाबून भरला, कानाशी हलवून पाहिली.
तिनंही हलवली.
मग नर्सनं.
तिघी गप्प, एका न वाजणाऱ्या बाटलीभोवती.

आता कापसाचा गुंडा खिडकीतच असतो. कुणी विचारत नाही कशाला.

परवा संध्याकाळी पंखे बंद करता करता नर्स म्हणाली,
आणि तुझी तपासणी कधी झाली गं शेवटची?
सवयीनं मी शेजारच्या बाकाकडे वळले
आणि मोनमध्ये विचारलं,
तुझी तपासणी कधी झाली शेवटची?
बाक रिकामा. नर्स थांबलेली, हात बटणावर.

मी म्हणाले,
ती म्हणते, उद्या.